मागच्या खोलीचा रंग

अक्का,

मागच्या खोलीच्या भिंतीवर ते दोन पट्टे अजून तसेच आहेत. खिडकीच्या डावीकडे तुझा निळसर, उजवीकडे माझा बदामी. रंगाऱ्याने ब्रशने ओढून ठेवले आणि म्हणाला, वाळले की ठरवा. ते वाळले, आपलं ठरलं नाही, आणि मधेच तू गेलीस. काल धुळ्याला तुझी तेराव्याची गंधमुक्ती उरकून आम्ही जळगावला परत आलो. तुझी भावजय सुनंदा पाणी तापवायला गेली आणि मी चपला न काढता इथे येऊन उभा राहिलो. बाकी सगळ्या घराला रंग लागून झालाय. ही एकच खोली तुझ्यामाझ्या भांडणापायी पांढऱ्या पुट्टीत उभी आहे.

काल तुझ्या फोटोसमोर चार जण बोलले. तुझ्या शिवणक्लासच्या दोन मुली तर बोलता बोलता रडल्या. मला पुढे केलं तेव्हा मी हात जोडले आणि मागे सरलो. लोकांना वाटलं, धाकट्या भावाला हुंदका आवरत नाहीये. तसं नव्हतं. ज्या बहिणीवर जानेवारीपासून पाळत ठेवली, तिच्याबद्दल माइकवर काय बोलणार? जे तिथे बोलता आलं नाही, ते इथे लिहितोय.

माझा स्वभाव तुला नवा नाही. तीस वर्षं वीज खात्यात लोकांची मीटरं तपासत फिरलो. ज्या घरात चहा लवकर पुढे येतो त्या घराचं मीटर आधी उघडायचं, हा माझा नियम. तो नियम कपड्यांसारखा घरी आल्यावर काढून ठेवता येत नाही. दूधवाला हसला तरी मी दूध बोटावर घेऊन पाहतो. तू म्हणायचीस, "बापू, तू देवना दिवाबी तपासशी." मी हसायचो. तू पण हसायचीस, पण तुझं हसणं थोडं आधी थांबायचं.

डिसेंबरात मी तुला फोनवर सहज सांगितलं, की आमच्या मयूरचं लग्न ठरेल असं दिसतंय, तेव्हा घराला एकदा नवं करून घेतो. टाइल्स, पीओपी, रंग, सगळंच. तू "बरं व्हयी" म्हणालीस आणि फोन ठेवलास. संक्रांत झाली आणि तिसऱ्या दिवशी तू पिशवी घेऊन दारात. ना निरोप, ना बोलावणं. म्हणालीस, "फरशी निवडाले ऊनी मी."

सुनंदाने तुझ्या हातातली पिशवी घेतली, पाणी दिलं आणि स्वयंपाकघरात मला गाठलं. "आपल्या घराच्या टाइल्स निवडायला ह्या कशाला आल्या?" मी म्हणालो, हौस असेल. ती म्हणाली, "चार वर्षांत माहेरची आठवण नाही झाली, ती टाइलवरून झाली?" आई जाऊन चार वर्षं झाली होती आणि त्या चार वर्षांत आम्ही तुला एकदाही बोलावलं नव्हतं, हे त्या क्षणी दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

आपल्यात एक गोष्ट न बोललेली होती, तीही मांडून टाकतो. आबांनी असोद्याहून येऊन हे चार खोल्यांचं स्लॅबचं घर बांधलं. आबा जाऊन अकरा वर्षं झाली आणि कागदावर घर अजून त्यांच्याच नावावर. आपल्याकडे बहीण हक्कसोड करून देते, भाऊ तिला साडी नेसवतो, विषय मिटतो. तू कधी सही करून दिली नाहीस. मी कधी मागितली नाही. मागितली तर तू विचारात पडशील आणि विचारात पडलीस तर नाही म्हणशील, अशी मला भीती. म्हणून घराचा विषय निघाला की मी हवापाण्यावर यायचो.

टाइल्सच्या दुकानात गेलो तेव्हा दुकानदाराने बसायला खुर्च्या दिल्या, गार पाणी दिलं, चहा सांगितला. मी लगेच सावध झालो. खोक्यांवरचे बॅच नंबर वाचत फिरत होतो, कारण एकाच टाइलच्या दोन बॅचमध्ये रंगाचा फरक निघतो आणि तो जमिनीवर बसल्यावरच कळतो. पण माझं निम्मं लक्ष तुझ्याकडे होतं. हॉलच्या टाइल्स निवडताना तू खुर्चीतून हलली नाहीस. सुनंदाने तीनदा विचारलं, तू तीनदा "चांगली शे" म्हणालीस. दर दोन मिनिटांनी पाणी पीत होतीस. एवढी थकल्यासारखी दाखवायला हिला काय झालं, असं माझ्या मनात आलं.

मग मागच्या खोलीचं नाव निघालं आणि तू उठलीस. चपला काढल्यास. नमुन्याची टाइल जमिनीवर ठेवायला लावलीस, तिच्यावर अनवाणी उभी राहिलीस आणि टाचेने रेटून पाहिलंस. मग बाटलीतलं पाणी तिच्यावर ओतलंस आणि पुन्हा रेटलंस. दुकानातला माणूस हसू दाबत होता. मी म्हणालो, "अक्का, लोक बघतात." तू मान वर न करता म्हणालीस, "फरशी पायले इचारानी, डोयाले नही." चार चकचकीत टाइल्स नापास केल्यास आणि एक धुरकट, खरखरीत मॅट टाइल उचललीस. मागच्या खोलीला हीच, म्हणालीस. सुनंदाने तिथे तुला शब्दानेही विरोध केला नाही. रात्री जेवण झाल्यावर मला म्हणाली, "पाहुण्याला कुठलीही फरशी चालते हो. पायाला विचारून घेतो तो राहायला येणारा."

हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. तेव्हापासून तुझं प्रत्येक बोलणं मी त्याच वाक्याला लावून पाहू लागलो. कावीळ झालेल्याला सगळं पिवळं दिसतं म्हणतात. मला तुझ्या प्रत्येक निवडीत वाटणी दिसू लागली.

मागची खोली म्हणजे आईची खोली. तिच्या छतात दोन लोखंडी कड्या. आबा स्लॅब टाकत होते तेव्हा आईने हट्ट धरून त्या सळईला बांधून घेतल्या होत्या. असोद्याला दारात कडुनिंब होता. ह्या नव्या कॉलनीत तेव्हा एक झाड नव्हतं. अक्षय्य तृतीयेला, आपल्या आखाजीला, लेक माहेरी आली तर झोका कशाला बांधायचा, हा आईचा प्रश्न. आबा म्हणाले होते, घर बांधतोय की जत्रा? पण कड्या बसल्या. तुझं लग्न झालं आणि मी दरवर्षी मुऱ्हाळी होऊन तुला आणायला धुळ्याला यायचो. कॉलेजात होतो, मिशी नुकती फुटलेली, आणि तुझ्या सासरी मला भावापेक्षा जास्त मान मिळायचा. येताना बसमध्ये तू खिडकी मला द्यायचीस. घरात पाऊल टाकलं की आधी झोका, मग पाणी. आई दोराचं माप आधीच काढून ठेवायची. अक्का, तेव्हा मी तुझ्यावर कसलाच संशय घेत नव्हतो. तो मुलगा मला आज फार आवडतो.

तर ह्या कड्या. सगळं काम सलीमभाई मिस्त्रींनी अंगावर घेतलं होतं. टाइल बसवणारे, पीओपीवाले, रंगारी, सगळी त्यांचीच माणसं. मी पीओपी चारही खोल्यांना सांगितलं. तू म्हणालीस, "बापू, मागल्या खोलीनी कडी काढू नको हं." मी म्हणालो, पीओपीतून लोखंड लोंबत राहील, वाईट दिसेल. तू म्हणालीस, "दिसू दे." मी म्हणालो, "सदुसष्टाव्या वर्षी झोका खेळणार आहेस का?" तू विषय सोडलास. माझी खात्री पटली. कड्यांच्या आडून ही बाई खोली धरून ठेवतेय.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी बँकेतलं काम आटपून लवकर आलो. मागच्या खोलीत सलीमभाई स्टुलावर उभे, त्यांनी कडीला सुतळीचं एक टोक धरलेलं, आणि खाली तू दुसरं टोक गुडघ्याशी धरून वाकलेली. काहीतरी विचारत होतीस, ते बोटांनी जाडी दाखवून सांगत होते. मग मी दिसलो. सलीमभाई स्टुलावरून उतरले आणि चुलीवर दूध ठेवल्यासारखे घाईने बाहेर गेले. तू सुतळी खिडकीच्या कट्ट्यावर ठेवून म्हणालीस, "गरम व्हई राहिनं ना?" जानेवारीत!

गळ्यात टेप घालून चाळीस वर्षं लोकांची मापं घेतलेली बाई सुतळीने माप का घेईल? ज्याला आकडा सांगायचा नसतो, तोच असं करतो. मला वाटलं, वकिलाला खोलीचं माप हवं असणार. तू चहाला गेलीस तेव्हा मी ती सुतळी उचलली. मळकी, जुनी, तिला खाली दोन गाठी, एकमेकींच्या जवळ. मी ती घडी करून कपाटात, घराच्या कागदांच्या फायलीत ठेवली. पुरावा म्हणून. नंतर तू कट्टा शोधलास, खाटेखाली पाहिलंस, मला विचारलंस. मी म्हणालो, कामाच्या कचऱ्यात गेली असेल. तुझा चेहरा पडला. एका सुतळीसाठी एवढं तोंड उतरतं म्हणजे नक्कीच काहीतरी आहे, असा मी अर्थ काढला. हे लिहिताना मला स्वतःची लाज वाटते.

त्याच मुक्कामात तू विचारलंस, "आबानी कागदं कोठे शेतस?"  "लॉकरात," मी खोटं बोललो. कागदं चार फुटांवरच्या कपाटात होती. तू म्हणालीस, "बरं. तठेच ऱ्हाऊ दे." मग अजून काही बोलशील म्हणून मी थांबलो. तू भाजी निवडायला घेतलीस. हे तू का विचारलंस ते मला आजही कळलेलं नाही, आणि आता कळणारही नाही.

रंगाचं भांडण त्याच्या नंतरचं. तू शेडकार्ड गुडघ्यावर घेऊन तासभर बसलीस. आई दर दिवाळीला चुन्यात नीळ टाकून ही खोली रंगवायची, पांढऱ्याला थोडी निळी झाक यायची, तसा रंग तुला हवा होता. शंभर निळ्यांमधून तू एक काढलास आणि म्हणालीस, "चुनामा नीळ टाकेल शे, तसा." खरं सांगू? मलाही तो बरोबर वाटला. पण तू निळा म्हणालीस म्हणून मी बदामी म्हणालो. कारण विचारलंस तर म्हणालो, बदामी मळखाऊ असतो. "खोली मळाले कोण येस तठे?" तू विचारलंस. मी उठून गेलो. रंगाऱ्याने मग ते दोन पट्टे ओढले.

तू धुळ्याला परत गेलीस आणि मी सलीमभाईंना बोलावून सांगितलं, मागच्या खोलीच्या कड्या ग्राइंडरने कापा, मग पीओपी मारा.  "कापायच्याच का साहेब?" मी म्हणालो, घर माझं आहे. त्या दिवशी सुनंदाला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. परत आलो तर पीओपी चढलं होतं, कड्यांची जागा झाकली होती. मी विचारलं, कापल्या? सलीमभाईंनी गंजक्या लोखंडाचे दोन तुकडे माझ्या तळहातावर ठेवले. नव्या छतात त्याच जागी दोन गोल झाकणं होती. ती कशाला, विचारलं तर म्हणाले, "पुढेमागे झुंबर लावलं तर वायर काढायला, साहेब." मयूरच्या लग्नात झुंबर बरं दिसेल म्हणून मीही पुढे काही विचारलं नाही. टाइल्स बसल्यावर मात्र मी एकेक नाण्याने वाजवून पाहिली, कुठे पोकळ तर नाही. सलीमभाई म्हणाले, "साहेब, ते मीटर नाहीये."

होळीनंतर तू शेवटची आलीस. दोन दिवस राहिलीस. दुपारी मागच्या खोलीत नव्या फरशीवर उताणी झोपलीस, उशी न घेता. मी दारातून पाहत होतो. तुझे डोळे छतावर होते. आता विचारेल, आता भांडेल, म्हणून मी उत्तरं तयार ठेवून उभा होतो. तू हसलीस फक्त. म्हणालीस, "सलीमभाईनं काम चोख शे." मला तो टोमणा वाटला. कड्या गेलेल्या दिसल्या आणि ही मला गोड बोलून मारतेय, असं वाटलं. जाताना बसमध्ये बसलीस तेव्हा खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या डोक्यावर ठेवलास. साठीच्या माणसाच्या डोक्यावर, स्टँडवर, सगळ्यांसमोर. मी डोकं मागे घेतलं. तो आपला शेवटचा स्पर्श.

तीन आठवड्यांनी सकाळी स्वातीचा फोन आला.

तुझी एकुलती लेक, पहूरला दिलेली. दाजी कधीच गेले, भाऊ नाही, बहीण नाही. दहाव्याला तिने मला बाजूला घेऊन सांगितलं, की तुझं हृदय थकलंय हे डॉक्टरांनी दिवाळीतच सांगितलं होतं. म्हणजे दुकानातलं ते पाणी पिणं खरं होतं. तू मला का सांगितलं नाहीस, हे मी तिला विचारलं नाही. उत्तर मला माहीत होतं. तू सांगितलं असतंस तर मी म्हणालो असतो, दुखण्याच्या नावाने वाटा मागतेय.

आणि काल, गंधमुक्तीची माणसं जेवून गेल्यावर, स्वाती माझ्यासमोर येऊन उभी राहिली. "मामा, एक विचारायचं होतं."  तुझी चिता थंड होऊन किती दिवस झाले होते, अक्का? आणि माझ्या मनात आधी काय आलं, तर फाइल. कपाटातली फाइल. मी म्हणालो, "विचार." तिने पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "आखाजीला मी तुमच्याकडे येऊ का? आई सांगून गेली, मामाच्या मागच्या खोलीत कड्या आहेत, तिथे जात जा."

मला हो म्हणता आलं नाही. 'नाही' तर म्हणताच आलं नाही. तिने माझं गप्प बसणं नको तसं घेतलं असणार. "बघा, सवडीनं सांगा," म्हणाली आणि ताटं उचलायला गेली. लेकीने माहेराला यायची परवानगी मागावी आणि मामाने घसा खाकरावा!  बसमध्ये पारोळा गेल्यावर सुनंदा म्हणाली, "मीच तुमच्या कानात भरलं होतं." मी म्हणालो, माझे कान उघडेच होते.

आज सकाळी सलीमभाईंना बोलावलं. म्हणालो, छत फोडा आणि स्लॅबमध्ये नव्या कड्या बसवता येतील का बघा. ते स्टुलावर चढले. एक झाकण फिरवलं, काढलं. दुसरं काढलं. आत हात घालून म्हणाले, "आहेत साहेब. दोन्ही. तेलपाणी करून ठेवलंय."

ते तुकडे कुठल्याशा जुन्या गेटचे होते. मला दाखवायला आणलेले. सलीमभाई खाली उतरून माझ्यापासून जरा लांब उभे राहिले, मी रागावेन म्हणून. "ताईंनी माझ्याकडून कबूल करून घेतलं होतं. म्हणाल्या, मना भाऊ सांगी कापा म्हणून. तुम्ही हो म्हणा, पण कापू नका."

अक्का, मला खरंच राग आला. माझ्याच घरात, माझ्याच मिस्त्रीशी संधान बांधून, मला हातोहात फसवलंस. मीटरचं सील शाबूत दिसलं म्हणून परत फिरणाऱ्या पोराला मी खात्यात मूर्ख म्हणायचो, आणि इथे गंजके तुकडे पाहून मी गप्प बसलो. मग राग ओसरला. तीन महिने मी तुझ्यावर संशय घेत होतो आणि तितके दिवस तूही माझ्यावर घेत होतीस. माझा खोटा निघाला. तुझा खरा. तू मला पुरतं ओळखलंस, आणि तरी स्टँडवर डोक्यावर हात ठेवलास.

तू स्वातीसाठी माझ्या घरात माहेर ठेवून गेलीस. तोंडाने मागता आलं नाही, कारण समोर मी होतो. म्हणून फरशीतून मागितलंस, छतातून मागितलंस, रंगातून मागितलंस. एकदा, फक्त एकदा, सरळ मागून पाहायचं होतंस, असं मी म्हणणार होतो. पण सरळ माझ्याकडे आलेल्या स्वातीला काल मी काय दिलं ते आठवलं.

फायलीतून सुतळी काढली. वरचं टोक कडीला लावलं. खालच्या दोन गाठींपैकी एक जुनी, काळवंडलेली, आवळून दगड झालेली. ती आईची असणार, शहाबादी फरशीच्या वेळची. तिच्या वरची गाठ नवी. दोन्हींमध्ये दीड बोटाचं अंतर. सलीमभाई म्हणाले, "जुन्या फरशीवर टाइल बसवली की जमीन तेवढी वर येते. ताईंनी तेच विचारलं होतं." तू वकिलाचं नाही, आईचं माप घेऊन आली होतीस. ते मी पुरावा म्हणून दडवलं आणि तुला कचऱ्यात गेलं असं सांगितलं. ह्याची माफी कुठल्या तोंडाने मागू?

नव्या गाठीच्या मापाने दोर बांधला. कड्या चाळीस वर्षं जुन्या, त्यांच्यावर माझा भरवसा नाही, म्हणून फळीवर आधी मीच बसलो. सुनंदा दारात, सलीमभाई भिंतीशी. पायाने जमीन रेटली. चकचकीत टाइल असती तर पाय सटकला असता. ही धरते. ओल्या पायानेही धरेल. कळलं मला, पायाला विचारून.

सुनंदा म्हणाली, दुःखाचं वर्ष आहे, पोरगी झोक्यावर बसेल का? मी म्हणालो, नाही बसली तर दोर राहील बांधलेला. आखाजीला गेलेल्या माणसासाठी भरतात ती तुझ्या नावाची घागर पण आपल्याच घरी भरायची, हे तिनेच ठरवलं.

आता हेही लिहून ठेवतो, नाहीतर तू म्हणशील बापू अचानक संत झाला. उद्या स्वातीने वाटा मागितला तर काय, हा किडा मेलेला नाही. तुझा हक्क होता, तो आता तिचा आहे. हे लिहिताना हात जरा अडखळला. पण कागदांची फाइल मी कपाटातून काढून उघड्यावर, टेबलावर ठेवली आहे. तिला हवी तर तिने बघावी.

मुऱ्हाळी आखाजीच्या आदल्या दिवशी जातो. मी उद्याच पहूरला निघतोय, कारण रंगाला दोन हात लागतात आणि वाळायला वेळ लागतो. रिकाम्या हाताने जायचं नाही म्हणून सुनंदाने साडी आणलीय, सांजोऱ्या करतेय. पिशवीत तळाशी मी शेडकार्ड ठेवलंय. सलीमभाईंना सांगून टाकलंय, मागच्या खोलीचा रंग स्वाती ठरवेल. ह्या घरात खोलीचा रंग ठरवणं म्हणजे काय, ते तुला माहीत आहे आणि मलाही. आपण त्याच्यावरूनच तर भांडलो.

ती तुझा निळा म्हणेल, माझा बदामी म्हणेल, किंवा आपल्या दोघांना न आवडणारा एखादा तिसराच काढेल. मी 'का' म्हणून विचारणार नाही. कुठलाही निवडला तरी आपले दोन्ही पट्टे त्याच्याखालीच जाणार आहेत.

तुझा
बापू